शब्द पुरवणारे कुजबुजे

नाटक मंडळीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. नट रंगमंचावर अडला की विंगेत उभं राहून त्याला हळूच पुढचा शब्द द्यायचा, एवढंच त्यांचं काम. प्रेक्षकांना तो आवाज कधी ऐकू गेला नाही, आणि त्यातच त्यांची सारी कला होती. मंडळीच्या मुख्य नटीच्या, बाईंच्या, कानांना मात्र तो आवाज पुरता सरावला होता. पुढे बाईंनी त्यांच्याशीच लग्न केलं, तेव्हा मंडळीत थट्टा झाली की ‘हो’ म्हणायलाही यांनीच आतून सुचवलं असणार.

आता दोघं म्हातारी झाली होती. रंगमंच सुटला, पण बाईंचं अडणं सुटलं नाही, उलट वाढलं. चष्मा कुठे, आज वार कोणता, दारात उभी आहे ती कोण. बाई थबकायच्या आणि कुजबुजे पुरवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे असंच वाढत जाणार. कुजबुज्यांना त्याचं दुःख होतंच. पण खोटं कशाला बोला, कोपऱ्यात थोडं सुखही होतं. खेळ चालू होता आणि त्यांची जागा पक्की होती.

लेक परगावी नोकरीला. तिचा जीव टांगणीला लागलेला, म्हणून ती रजा काढून आली आणि बघता बघता तिने घर हुशार करून टाकलं. खोलीत पाऊल टाकलं की दिवा लागे, ऊन चढलं की पडदे आपोआप ओढले जात, दूध उतू जायच्या बेताला आलं की शेगडी आपली आपण बंद. आणि कपाटावर बसली एक गोल डबी. तिच्यातून गोड बाईचा आवाज येई. तिचं नाव सखी. नातलगांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं लेकीने तिला आधीच पढवून ठेवली होती. लेक म्हणाली, ही तर सुरुवात आहे. पुढे घर माणसाच्या चालीवरूनच ओळखेल की आज याला बरं नाही. कुजबुज्यांनी मान डोलावली. मनात म्हणाले, तेवढं तर मी आजही ओळखतो, आणि मला वीज लागत नाही.

लेक गेली. बाई सुरुवातीला डबीशी बोलायला लाजल्या, मग जी गट्टी जमली ती जमलीच. कुजबुजे तोंड उघडेपर्यंत डबीचं उत्तर देऊन झालेलं असे. एकदा शेजारणीचं नाव आठवेना, तर बाईंनी समोर बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यावरून थेट कपाटाकडे पाहिलं. ते मात्र जिव्हारी लागलं. बायकांना सवत तरी असते. नवऱ्याच्या नशिबी असली डबी आली तर तिला काय म्हणायचं, हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही.

ते घरभर फडकं फिरवायचे, डबी तेवढी वगळायचे. एकदा बाई आंघोळीला गेलेल्या पाहून त्यांनी तिची परीक्षाही घेतली. पहिल्या अंकाच्या आधी बाईंना काय लागायचं, सांग पाहू? डबीने नम्रपणे सांगितलं की ही माहिती तिच्याकडे नाही. तो सबंध दिवस कुजबुजे शीळ घालत हिंडले.

पण शिळेवर किती दिवस निभावणार? एका दुपारी बाई खाली फिरायला गेल्या असताना ते कपाटामागे गुडघ्यांवर बसले आणि हाताला लागलेली वायर त्यांनी उपटली. ती एकट्या डबीची नव्हती, साऱ्या हुशार घराची होती. पडदे ओढलेले तसेच राहिले, दिवे गेले. ते उठणार, तोच दार उघडलं आणि बाई लगबगीने आत आल्या. भाचा आला होता. खाली गाडी लावत होता.

“सखी,” बाई अंधारात दबक्या आवाजात म्हणाल्या, “लवकर सांग गं, माझ्या बहिणीच्या मुलाचं नाव काय?”

डबी गप्प.

“सखी? अगं, येतोय तो वर.” जिन्यावर पावलं वाजू लागली होती.

कुजबुज्यांनी तोंड बंद ठेवायला हवं होतं. कुणीही शहाण्या माणसाने ठेवलं असतं. पण समोर बाई अडल्या होत्या, आणि जन्माची खोड ती. नाव तोंडातून निसटलं, हलकेच, तेवढ्याच दोन कानांपुरतं.

बाई कपाटाच्या मागच्या बाजूला वळल्या. मग म्हणाल्या, “अहो, बाहेर या.”

कुजबुजे बाहेर आले. केसांत जळमट, हातात वायर. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. भाचा आला, चहा पिऊन गेला, बाईंनी त्याला नावानिशी चांगलं चारदा हाक मारली. तो गेल्यावर त्या समोर येऊन बसल्या आणि डबी का बंद केली, असं विचारलं.

“शब्द देणं माझं काम आहे,” कुजबुजे म्हणाले.

“होतं. तेव्हा तुम्ही मला दिसत नव्हता.” बाईंनी पदर सारखा केला. “आता समोर बसून देता. मी अडले की तुमचा चेहरा पडतो, दर वेळी. शब्द मिळतो हो, पण माझं किती वाहून गेलंय तेही त्या चेहऱ्यावर वाचावं लागतं. तिला मेलीला चेहराच नाही. म्हणून तिला विचारते.”

आवाजावर कुजबुज्यांनी जन्मभर मेहनत घेतली होती. चेहरा सांभाळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ते पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी वायर जोडली. दिवे लागले, ऊन कललं होतं म्हणून पडदे उघडले. डबीने मधाळ आवाजात सेवेला हजर असल्याचं सांगितलं. तिला उचलून खिडकीबाहेर भिरकावावं, असं त्यांना फार फार वाटलं. त्याऐवजी त्यांनी आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि बाईंकडे पाठ करून बसले.

“हे काय नवीन?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. ऊन खातोय.”

बाईंनी चहाच्या कपबशा आवरल्या. मग बाई म्हणाल्या, “काल जिन्यात भेटला, तो दुधाचा… अं…” आणि थांबल्या.

त्यांनी कुणालाच हाक मारली नव्हती. त्या कपाटाकडे पाहताहेत की आपल्या पाठीकडे, हे कुजबुज्यांना कळायला मार्ग नव्हता. मान वळवायचा मोह त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला आणि खिडकीबाहेर पाहत शब्द दिला. चेहऱ्याचं जे व्हायचं ते झालं, पण ते खिडकीबाहेरच्या, समोरच्या घराच्या भिंतीने पाहिलं.

“हां, तोच,” बाई म्हणाल्या आणि आपली गोष्ट पुढे सांगू लागल्या.

कुजबुज्यांनी ती संपेपर्यंत कसाबसा दम धरला. मग न वळताच विचारलं, “तिच्या आधी सांगितलं की नाही?”