साडेपाचचं इंजिन

जुन्या फटफट्यांच्या आमच्या क्लबात माझं काम एकच, आणि ते मी तीस वर्षं करतो आहे. रॅलीच्या आधी प्रत्येक गाडीचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदावर उतरवून घ्यायचा. नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे उमटतात. कारखान्यातून इंजिन आणि सांगाडा ज्या जोडीनं निघाले ती जोडी शाबूत असेल तर गाडी पहिल्या रांगेत. जोडी फुटली असेल तर मागे, मालक कोणी का असेना. या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. म्हणून तोंडावर मला कोणी काही बोलत नाही आणि पाठीमागे सगळेच बोलतात.

त्यांना हसायला कारणही होतं. माझी स्वतःची गाडी दहा वर्षं दुसऱ्या रांगेत उभी राहायची. तिचा सांगाडा मला दाना ओलीतल्या एका भंगारवाल्याकडे मिळाला होता, इंजिनाशिवाय. मी दुसरं इंजिन बसवून ती चालवत होतो, पण कागदांवरचा मूळ इंजिनाचा नंबर मला तोंडपाठ होता. आंघोळ करताना मी तो पुटपुटतो, असं बायको म्हणते. "माझा फोन नंबर तरी येतो का तुम्हाला?" असंही म्हणते. येत नाही.

गेल्या हिवाळ्यात रॅलीचा रस्ता बघायला मी बिर्लानगरात गेलो होतो. तिथली मिल बंद होऊन जमाना झाला, पण कामगारांच्या घरांच्या रांगा अजून आहेत. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. एका गल्लीत मी पत्ता विचारायला थांबलो आणि शेजारी इंजिन सुरू झालं. जुनं, एका सिलिंडरचं, प्रत्येक ठोक्यामागे झडपा उघडणाऱ्या टॅपेटची टक. मी वळून पाहिलं. गल्लीत गाडी नव्हती. आवाज एका बंद दाराआडून येत होता आणि खिडकीतून बाहेर काढलेल्या नळीतून धूर निघत होता.

मिनिटभर चालून इंजिन थांबलं. मग आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आमच्या या हिंदी मुलखात चक्क मराठीत. "आला का ग?"

दुसरी बाई म्हणाली, "हो, आला. हातपाय धुऊन राहिलेत."

"मग वाढ."

मी दार वाजवलं. साठीच्या एका बाईंनी दार अर्धवट उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी खालच्या आवाजात म्हणालो, "ताई, इंजिनाचा आवाज ऐकला, म्हणून." त्यांनी मला पुढच्या खोलीत घेतलं. जमिनीवर एका जाड फळीला इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टनं कसलेले होते, वर खिळ्याला पेट्रोलचा डबा. घरात मोटारसायकल नव्हतीच. पडद्यापलीकडे चमचा ताटलीवर वाजत होता. मी सवयीनं वाकलो, इंजिनावरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि नंबर वाचला. दहा वर्षं मी जो पुटपुटत होतो तोच नंबर होता.

याचा सांगाडा माझ्याकडे आहे, असं मी बोलून गेलो, तेव्हा बाईंनी मला अंगणात नेऊन सगळं सांगितलं. गाडी त्यांच्या नवऱ्याची. मिलमध्ये होते तेव्हापासूनची. इंजिन उघडून कामाला घेतलं आणि आठवड्यात ते गेले, झोपेतच. सांगाडा भंगारात दिला, इंजिनाचे तुकडे खाटेखाली राहिले. सासूबाईंची नजर आधीच गेली होती, मुलगा गेल्यावर डोकंही हळूहळू गेलं. त्या रोज साडेपाचला कान लावून बसायच्या आणि गाडी वाजेपर्यंत घास तोंडात घ्यायच्या नाहीत. वजन उतरत गेलं. डॉक्टरनं हात टेकले. शेवटी शेजारच्या एका जुन्या फिटरनं इंजिन जोडून फळीवर बसवून दिलं.

"तीन साल झाले दादा, मी रोज किक मारून राहिले आहे," त्या म्हणाल्या. "आता घुटने नाही साथ देत. एखाद दिवशी स्टार्ट नाही झालं, तर त्या उपाशी झोपतात. तुमच्याकडे बॉडी आहे ना? मग घेऊन जा. पण साडेपाचला तुम्ही येत जा."

मी लगेच हो म्हणालो. दयेनं म्हणालो असं सांगायला आवडलं असतं, पण तो निव्वळ लोभ होता. दर्पण कॉलनीतल्या माझ्या घरातून बिर्लानगरापर्यंत रोज यावं लागेल याचा विचारही मी केला नाही. रॅलीला अकरा दिवस होते.

इंजिन सांगाड्यात बसवायला दोन दिवस पुरले असते. मी आठ लावले. इतक्या वर्षांनी हाती आलेलं इंजिन मी तसंच कसं बसवणार? कार्बोरेटर उकळत्या पाण्यातून काढला, सायलेन्सरचा गळका जोड नीट केला, टॅपेटची फट पुस्तकात दिलेल्या मापानं लावली. रोज संध्याकाळी ताईंचा फोन यायचा. "आज दोनच चमचे दूधभात गेला, दादा." मी म्हणायचो, झालंच, उद्या येतो. आणि परत पॉलिशचं फडकं उचलायचो. आज त्याची लाज वाटते.

नवव्या दिवशी साडेपाचला मी गल्लीत शिरलो. गाडी अशी वाजत होती की कारखान्यातल्या माणसानं टोपी काढली असती. दाराशी मिनिटभर चालू ठेवून बंद केली आणि छाती फुगवून आत गेलो. पडद्यामागून आवाज आला, "कोण आलंय?"

"हे आलेत, आई," ताई म्हणाल्या.

"हा तो नाही. दुसराच कोणी आहे. दार लावून घे."

त्या दिवशी सासूबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पडदा जरा सरकला तेव्हा मला खाटेवरचं मनगट दिसलं, त्यातली बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. गाडीत जे जे बिघडलेलं म्हणून मी दुरुस्त केलं होतं, त्यावरूनच ती आई मुलाला ओळखत होती, आणि मी ते पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आयुष्यात पहिल्यांदा एक चांगली गाडी बिघडवायला बसलो. सायलेन्सरचा जोड ढिला केला. टॅपेट जरा सैल केला, किक मारली, ऐकलं. नाही. आणखी सैल केला. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, हे काय करून राहिलात? नीट होती ना?" मी तिला गप्प बसवलं, कारण मी तो गल्लीतला आवाज आठवत होतो. ठोका, टक. ठोका, टक. दुपारी तीनच्या सुमारास तो सापडला. माझ्या अंगणात कोणीतरी परका माणूस येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी मी दाराशी गाडी बंद केली तेव्हा आतून लगेच आवाज आला, "आला का ग?" मी बाहेरच बसलो. आत चमचा वाजत राहिला, बराच वेळ.

रविवारी रॅलीत माझी गाडी पहिल्या रांगेत उभी होती. नंबराचा कागद मी स्वतःच उतरवला, आकडे जुळले. "काय हो, दुनियेचे टॅपेट ऐकता आणि स्वतःचा ऐकू येत नाही का?" म्हणून पोरंटोरंसुद्धा हसली. दहा वर्षं ज्या जागेसाठी झुरलो तिथे उभा राहून मी घड्याळ बघत होतो. पाच वाजता बक्षिसं वाटायच्या आधीच निघालो.

त्या दिवशी ताई म्हणाल्या, "आज आत या. बुलावून राहिल्या आहेत." मी नको म्हणत होतो, पण पाय आत गेले. खाटेवर मूठभर बाई बसली होती. तिनं माझा हात धरला, तळव्यावरचं ग्रीस बोटांनी चाचपलं, नखं चाचपली, आणि म्हणाली, "दमलास रे." मी "हो, आई" म्हणालो. तिनं ताटलीतला सगळा भात संपवला, माझ्याकडे तोंड करून, एकेक घास मला दाखवत असल्यासारखा. मग म्हणाली, "झालं माझं. जा तू आता, हातपाय धू."

मी पडद्याबाहेर येऊन चपला शोधत होतो. तिला वाटलं मी घराबाहेर पडलो. तिनं सुनेला जवळ बोलावलं आणि अगदी शुद्धीतल्या, समजूतदार आवाजात म्हणाली, "त्याला कोणी सांगू नका ग. तो गेलाय हे त्याला अजून माहीत नाही. माझं जेवण झालेलं बघितलं की तेवढाच निवांत जातो बिचारा."