शेकाट्यांच्या बाई

बाईंना आनंदाच्या बातमीचीसुद्धा धास्ती वाटायची. दहावीचा निकाल चांगला लागला, की हातात पेढा धरून त्या म्हणायच्या, "पुढच्या वर्षीही असाच लागेल ना हो?" आणि पेढा हातातच राहायचा. मुंबईजवळच्या हाटकेश वस्तीत, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या आणि शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. गॅस बंद केलाय की नाही ते बघायला त्या स्टेशनजवळून रिक्षा वळवून परत यायच्या. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'शेकाट्यांच्या बाई' म्हणत.

शेकाट्या म्हणजे लांब गुलाबी पायांचा, काळा-पांढरा पाणपक्षी. जवळच्या मुर्धा गावातल्या पडीक मिठागरांत तो उन्हाळ्यात बांधावर, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. "ना आडोसा, ना काही," बाई कळवळून सांगायच्या. "ही पाखरं इतकी निर्धास्त कशी हो राहतात?" दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत तिकडे भराव टाकणारे डंपर फिरू लागले होते. भरावाखाली सगळं जाण्याआधी या घरट्यांचा कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा, म्हणून बाईंनी एका पक्षिसंस्थेकडे छोट्या अनुदानासाठी अर्ज केला.

अनुदान मंजूर झालं, तेव्हा बाई आमच्या दारात असा चेहरा करून उभ्या राहिल्या की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. "मिळालं हो," त्या म्हणाल्या. "आता काय करू? लोकांनी विश्वासाने दिलंय. माझ्याच पायाखाली अंडं आलं तर?"

माझ्याकडे स्कूटी होती. एवढ्याच पात्रतेवर मी त्यांची सहकारी झाले. दर रविवारी सकाळी आम्ही मुर्ध्याला जायचो. अंडी मातीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. दोन पावलांवरूनही दिसत नसत. बाई एकेक पाऊल टाकताना मला दटावायच्या, "थांबा! तिथे नको!" मला हसू यायचं आणि घामही फुटायचा. शेवटी बाईंनी तोडगा काढला. प्रत्येक घरट्याजवळ बांबूची काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं. त्या दिवशी परतताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

पुढच्या रविवारी एकही काठी जागेवर नव्हती. बांधावर पावलांचे ठसेच ठसे होते आणि त्यांत फुटलेली अंडी. बाई वाकून ती मोजू लागल्या. तेवढ्यात गावातल्या चार-पाच बायका तावातावाने आमच्याकडे आल्या. सगळ्यांत पुढे हिरामावशी. त्यांचं घर मिठागराला लागूनच होतं.

"त्या काठ्या तुमी लावल्या?" त्यांनी दरडावून विचारलं. "आमाला वाटला बिल्डरची मोजनी हाय. बाजूच्या राई गावाला पयल्यांदा अशाच काठ्या आल्या, मंग भिंत आली. आमी सगल्या जनी आलो आन उपटून टाकल्या."

"पक्ष्यांची घरटी होती हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "त्यांना जपायलाच..."

मावशींनी खाली फुटलेल्या अंड्यांकडे बघितलं. कपाळाला हात लावला. "अगो बाय, मंग गावात सांगाला नको?"

टोकाच्या बांधावर एक घरटं वाचलं होतं. पण आम्हा सगळ्यांना बघून शेकाट्या अंड्यांवरून उठला होता आणि डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होता. ऊन चढत होतं. असंच आणखी थोडा वेळ राहिलं असतं, तर अंडी उन्हानेच नासली असती. बाईंना ते सांगता येईना, नुसते ओठ हलत होते. मीच सांगितलं. मावशींनी सगळ्यांना दामटून लांबच्या बांधाआड बसवलं आणि बाईंचा हात आपल्या हातात घेतला. पक्षी उतरला. दोन पावलं गेला, थांबला, पुन्हा उडाला. आयुष्यात इतका वेळ मी श्वास रोखून कधी बसले नसेन. पुन्हा उतरला, अंड्यांपाशी गेला, ते लांब पाय दुमडले आणि बसला. बाई हमसून हमसून रडायला लागल्या.

"आता कशाला रडतंस?" मावशी म्हणाल्या. "बसला ना तो."

संस्थेला पाठवलेल्या अहवालात बाईंनी पहिल्याच पानावर लिहिलं, की घरट्यांचं नुकसान अभ्यास करणारीच्या चुकीमुळे झालं. मी खूप विनवलं, पुढचं अनुदान जाईल म्हणाले. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कुणीतरी असंच फडकं बांधत असेल. तिला कळायला नको?" एरवी भाजी घेतानाही कचरणारी ही बाई त्या वेळी जराही कचरली नाही. अनुदान पुन्हा मिळालं नाही. तरी आम्ही जात राहिलो. आधी मावशींच्या ओट्यावर चहा, मग मिठागर.

नोकरी संपल्यावर बाई चिपळूणला भावाकडे गेल्या आणि दोन वर्षांत तिथेच वारल्या. त्या उन्हाळ्यात मी एकटीच मुर्ध्याला गेले. मावशींनी माझ्या मागे बघितलं. "बाय न्हाय आली?"

मी सांगितलं.  त्यांनी चुलीवरचं आधण उतरवलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"चल," म्हणाल्या. "आता आपल्यालाच घोर."