जिना चढणारी म्हैस

दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात हवामानबदलावर व्याख्यान असतं. ऐकता ऐकता डबा खायचा. पहिल्या रांगेत एक फेटेवाले मामा बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. शेजारी कोणीही असो, त्याच्या झाकणात न विचारता खर्डा वाढतात.

परवा प्राध्यापकांनी विचारलं, “पंचगंगेचे पूर वाढणार. तुमची तयारी काय?”

मामा उठले. “म्हशीला जिना चढायला शिकीवलंय. रोज एक पायरी वर पेंड ठेवली. आता थेट गच्चीवर जाती.”

सभागृह खो खो हसलं.

“हसा की! म्हस शिकली. तुमी कवा शिकणार?”

त्या संध्याकाळी मी घराची कागदपत्रं खालच्या कपाटातून माळ्यावर चढवली. म्हशीनंतर शिकलेला बहुधा मीच.