टायर सकाळपासून दाबून बघतोय

मंडळी, बायकोला नववा महिना लागलाय आणि माझ्या बाईकच्या मागच्या टायरची हवा रोज सकाळी उतरलेली असते. पाड्यावर रेंज नाय, टेकाडावर येते, पण जीपवाला रात्री फोन उचलत नाय. कळा सुरू झाल्या की जीपवाल्याला बोलवायला टोकावड्याला मलाच पळावं लागणार, आणि तेही याच बाईकवर.

रोज पंप मारून दिवस ढकलत होतो. आज डोकंच फिरलं. अंगणात चाक खोललं, ट्यूब बाहेर काढून हवा भरली आणि पाण्याच्या टपात बुडवली. जिकडं बघावं तिकडं बुडबुडे.

बायको ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "हात जरा थांबवा. बुडबुडे तुमीच काढताय."

हात थांबवला. पाणी शांत झालं. मग एका जागेवरून बारीक बुडबुडा आला, थोड्या वेळानं तिथूनच दुसरा. टायरच्या आतून बोटं फिरवली तर करवंदीच्या काट्याचं टोक लागलं. काटा उपसला, ट्यूबला पॅच मारला, चाक परत लावलं.

तेव्हापासून सारखा जाऊन टायर दाबतोय. कडक आहे, तरी दाबतोय.

मघाशी ती म्हणाली, "टायरची तब्येत सारखी बघताय. माझी कधी विचारणार?"

मी तसाच उठलो. रेंजसाठी टेकाडावर आलो आणि हे लिहीत बसलो.

तुमच्या घरी असे दिवस होते तेव्हा तुमी काय सारखं तपासत होता? सांगा. मी खाली चाललोय, तिला विचारायला. वाटेत बाईक उभी आहे, तेवढंच अवघड आहे.