विषाचं पुस्तक

आश्विनातल्या तापल्या दुपारी सोलापूरच्या त्या ग्रंथालयात शिरले, की जुन्या कागदांचा आणि बांधणीच्या खळीचा आंबूस, शांत गंध सामोरा येई. सत्तरच्या दशकातली गोष्ट. संदर्भ विभागात मी नुकतीच उमेदवारी करू लागले होते. ग्रंथपाल सर सांगत, "माणूस पुस्तक मागतो, पण त्याला हवं असतं उत्तर. आधी विचारा, मग कपाट उघडा." किती सोपे वाटले होते ते!

एके दिवशी मंगळवेढ्याकडची एक तरुण सून टेबलाशी आली. पदर घट्ट धरून हलकेच म्हणाली, "बाई, विषाचं पुस्तक हाय का?"

विष कुणासाठी? स्वतःसाठी तर नव्हे? तिला शेजारी बसवून, पाणी देऊन मी विचारले, "कशासाठी हवंय, सांगशील?"

ती सांगत गेली, मी ऐकत गेले. शुश्रूषा, म्हणजे सेवा, या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, हे मला तेव्हा कुठे उमगले! तिची दुभती म्हैस थरथरत कोसळली होती, बघता बघता गेली होती. वैरण हिनेच घातलेली. म्हणून विष घातल्याचा आळ घेऊन सासरच्यांनी हिला मोहोळला माहेरी धाडले होते; म्हैस खरोखर कशाने गेली, ते हिला पुस्तकातून हवे होते.

"मी ज्वारीच घातली की. पावसानं वड दिली, लई खुरटली व्हती. तीच कोवळी कापली."

म्हणजे शोधायची होती ती ज्वारी! 'विष' सोडून मी 'ज्वारी', मग 'जनावरांचे रोग' अशी ग्रंथसूचीतली कार्डे चाळत गेले. अखेर एका कृषिग्रंथात सापडले: पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष साठते, तिने जनावर दगावते.

"परत वाचा," ती म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती. मी वाचत राहिले, आणि हळूहळू तिचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले.

दिवाळीनंतर ती सासऱ्यांना घेऊन आली. उतारा ऐकून ते म्हणाले, "कापणीमागचे फुटवे बाधत्यात, ते ठावं हाय. उभ्या पिकाचं ध्यानात न्हाई आलं. चल पोरी, घरला."

ती उठली नाही. "मामा, हितं ह्या बाईंनी मला इचारलं. घरात कुणीच न्हाई इचारलं, मी काय घातलं ते."

म्हातारे खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "चुकलं. आता सांग."

संध्याकाळच्या एसटीने दोघे मंगळवेढ्याला गेली. त्याआधी मात्र ती पहिल्यापासून सारे बोलली, मोठ्याने, रडत, न अडखळता. आणि ग्रंथालयात कुणीही तिला हळू बोल म्हटले नाही.