रोममधली दाढीवाली गंगा

रोमच्या या चौकातल्या कारंज्यावर चार खंडांच्या चार नद्या बसल्या आहेत. त्यांतली एक आपली गंगा, हे मला सांगितलं ते मी इथे ज्यांना सांभाळते त्या आजींनी. सातवीतच शाळा सुटली माझी. कुणी असं समजावून सांगितलं की अजून भरून येतं.

आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवली.

"अगं, हा तर दाढीवाला बाप्या! वल्हं घेऊन बसलाय. गंगामाय कुठाय?"

"हीच ती, आई."

शेकडो वर्षांपूर्वी ज्यानं ही घडवली, त्यानं गंगा पाहिली नसणार. शेजारच्या नाईलचा तर चेहराच झाकलाय, कारण तिचा उगम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. न पाहिलेल्याला त्यानं निदान दगडात तरी आणलं. मी मात्र आईला काशीला न्यायचं नुसतं म्हणत राहिले, या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत. आता ती खाटेवरून उठत नाही, आणि घरचा फोन वाजला की तो उचलायची भीती वाटते.

"असू दे बाई," ती म्हणाली, "पाणी जरा जवळून दाखव."

मी फोन कठड्यापुढे धरला. तिकडे तिनं पडल्यापडल्या पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. माझा हात अवघडून गेला, तरी मी तो खाली घेतला नाही.