करप्याच्या नोंदी आणि रावेरची बाग

विद्यादात्री शारदेच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहितो. आज गुरुपौर्णिमा. घरातली धाकटी लेक विज्ञानशाखेत शिकते आणि सुट्टीत कोणी प्रयोगशाळेत उभे करील का, म्हणून विचारीत फिरते आहे. बाबा, तुमच्या वेळी कसे होते, असे तिने आज सकाळी पूजेनंतर विचारले.

आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जळगावात बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने संशोधन करावे ही कल्पनाच नव्हती. धुळ्याचे एक प्राध्यापक मात्र केळीच्या पानांवरील करपा या रोगावर काम करीत. वडिलांचा आशीर्वाद घेऊन त्यांना भेटलो. पानांवर करपा किती आणि त्याच झाडाचा घड किती भरला, याच्या झाडागणिक नोंदी कापणीपर्यंत करून आणा, पुऱ्या असतील तर सुट्टीत प्रयोगशाळेत घेतो, असे ते म्हणाले.

वडील पौरोहित्य करीत. रावेरकडच्या त्यांच्या एका यजमानांनी, ज्यांना सारे नाना म्हणत, आपली बाग मला मोकळी केली. केळफूल बाहेर पडताच मी निवडलेल्या प्रत्येक घडाला लाल चिंधी बांधली आणि तीवर शाईने क्रमांक घातला. एखादे वेळी संध्या चुकली असेल, पण एसटीने रावेर गाठण्याचा रविवार कधी चुकला नाही. अखेरीस केवळ घडांचे वजन उरले.

तराजू मागून घेऊन पोहोचलो, तो बागेत ट्रक भरत होता. व्यापाऱ्याला गाडी लवकर मिळाली होती. नाना लग्नाला गेले होते. कापणाऱ्यांतला एक जण मला पाहून कौतुकाने म्हणाला, "चिंधीचे बठ्ठे घड पहिले कापले, भाऊ, एकही ठेवला नाही. खूण दिसली की आम्ही माल तयार समजतो."

तिकडे व्यापाऱ्याचा माणूस तयार घडांना चिंधी बांधून जातो. मला ते ठाऊक नव्हते. माझ्या चिंध्या सोडून बांधावर टाकलेल्या होत्या. घड समोर ट्रकमध्येच होते, सारे हिरवे, सारे सारखे. त्यांतला कोणता कोणत्या झाडाचा, हे आता परमेश्वरालाच ठाऊक. मी तराजू हातात धरून उभा राहिलो. ट्रक निघून गेला.

दुपारी नाना परतले. त्यांना फार वाईट वाटले. "अंदाजाने लिही ना महाराज. धुळ्याहून कोण येतो तोलायला?"

मला ते लिहवले नाही.

धुळ्याला गेलो. प्राध्यापकांनी सारी पाने शांतपणे वाचली, पाणी दिले. "खोटे काही नाही यात," ते म्हणाले, "पण अपुरे आहे. मी काय करू?" त्या सुट्टीची जागा दुसऱ्याला गेली. पुढचा हंगाम येईतो माझे शिक्षण संपले, आणि मला पुन्हा कोणी बोलावले नाही.

लेकीला एवढेच सांगू शकलो. तिच्यासाठी कोणते दार ठोठावावे, हे मला आजही कळत नाही.

वाचकहो, आपल्या घरी कोणी शिकत असेल, तर त्याच्या श्रमांना जगदंबा पूर्णत्व देवो, आणि आपले कुटुंब सुखी, निरोगी राहो.